नॉर्मल रिपोर्टची पूड

सभागृहातल्या खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. लोक भिंतींना टेकून, पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसून, पुढच्यांच्या खांद्यांवरून माना लांब करकरून मंचाकडे बघत होते. मंचावर पांढरा पडदा, पडद्यावर कुणाच्या तरी रक्ततपासणीचा रिपोर्ट भिंतीएवढा मोठा करून दाखवलेला, आणि त्याच्यापुढे उभे कंठगुरू. आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्याला आपोआप डुलकी यावी.

"मी तुम्हाला श्रद्धा ठेवा म्हणतो का?" गुरूंनी विचारलं.

"नाही," अख्खं सभागृह म्हणालं.

"मग काय म्हणतो?"

"रिपोर्ट आणा."

"रिपोर्ट आणा. मी अडाणी माणूस. मला मशीन कळत नाही, आकडे कळत नाहीत. मी आपला गळ्याला कान लावतो, आतल्या ग्रंथीशी दोन शब्द बोलतो आणि चिमूटभर पूड देतो. साक्ष द्यायला तुमचं विज्ञान आहेच की. जन्मभराची गोळी बंद आणि रिपोर्ट नॉर्मल. आता यावर कोण काय बोलणार?"

टाळ्या मात्र कडकडून वाजल्या.

तिसऱ्या रांगेतल्या ब्रेकबाईला टाळी वाजवायचंही त्राण नव्हतं. आजूबाजूचे लोक घामानं निथळत कागदांनी वारा घेत होते आणि ही स्वेटर घालून बसलेली, हात गारठलेले. शेजारी तिची नणंद. ती दोघींच्या वाटच्या टाळ्या एकटीच वाजवत होती.

ब्रेकबाई हे नाव काही तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवर तिचा पाय इतका तयार, की शिकाऊ माणसाला समोरचा सायकलवाला दिसायच्या आत गाडी थांबलेली असायची. मग वरून बोलणी. "आरशात रस्ता रिकामा दिसला म्हणजे तो रिकामा असतो असं नाही. मान दिलीय ना? ती वळवा." हे वाक्य ऐकल्याशिवाय त्या स्कूलमधून कुणी लायसन घेऊन बाहेर पडलेलं नव्हतं.

अशा बाईचा थायरॉइड मंदावला. गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी, पण तिनं काम टाकलं की सगळं शरीरच संपावर जातं. झोप सरेना, अंग सुजलेलं, आवाज घोगरा. डॉक्टरांनी गोळी दिली, फरक पडेना. डॉक्टरांनी मान वर न करता डोस वाढवला. तरी फरक पडेना. पुन्हा वाढवला. तासभर बाकावर बसायचं, आत गेल्यावर "वाढवून बघू" एवढं ऐकायचं आणि बाहेर यायचं. माणूस कंटाळणार नाही तर काय करणार?

नेमकं तेव्हाच नणंदेनं मनावर घेतलं. तिचं ब्यूटी पार्लर होतं, आणि कंठगुरूंना ती ते गुरू होण्याच्या आधीपासून ओळखत होती. याचा तिला कोण अभिमान.

"अगं, गोळ्या गिळून काय मिळालं तुला? एकदा येऊन तर बघ."

"ताई, माझा असल्यांवर विश्वास नाही."

"त्यांचाही नाही. ते रिपोर्टच मागतात."

या एका वाक्यानं ब्रेकबाई फसली. रिपोर्ट मागणारा माणूस थापाड्या कसा असेल?

गुरूंनी गळ्याला कान लावला, 'हं हं' केलं, गोळी बंद करायला लावली आणि पांढऱ्या पुडीची बाटली दिली. रोज सकाळ-संध्याकाळ एक चमचा. "आणि तपासणी मी सांगतो त्याच लॅबमध्ये. जाल त्या दिवशी सकाळी दुप्पट. सुई बघून शरीर घाबरतं. घाबरलेलं शरीर खोटं बोलतं. त्याला धीर द्यायला दुप्पट."

रिपोर्ट आला तो चक्क नॉर्मल. नवऱ्यानं तो फ्रिजच्या दारावर लावून टाकला.

आणि इथून खरी फरफट सुरू झाली. कारण ब्रेकबाई बरी झालीच नव्हती. उलट पार ढासळली. सकाळी उठून बूट घालायचे तर मध्येच बसकण मारायची. घोगरा आवाज आणखी बसला. रोजच्या रस्त्यांची नावं आठवेनात. पण सांगणार कुणाला? आधी ती निदान आजारी तरी होती. आता कागदानं तिला ठणठणीत ठरवलं, त्यामुळे ती नुसतीच आळशी झाली.

"रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग हे मनाचे खेळ आहेत," नवरा म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, पण फ्रिज उघडताना रोज तो कागद बघून त्याची खात्रीच पटलेली.

"माझ्या अंगात जीव नाही, आणि तुम्ही मला कागद दाखवताय," ती म्हणाली. संतापानं रडू आलं तिला, आणि रडायचाही कंटाळा आला.

मग एके दिवशी ब्रेक उशिरा लागला.

स्टिअरिंगवर एक चाळिशीच्या शिकाऊ बाई होत्या, एका मोठ्या लॅबच्या डॉक्टर. स्वभावानं भित्र्या, वळणावर श्वास धरून बसणाऱ्या. गल्लीतून सामान पोचवणारा सायकलवाला आला. ब्रेकबाईला तो दिसला, अगदी स्वच्छ दिसला. पाय उचलायचा आहे हेही तिला कळलं. पण पाय यायला वेळ लागला. बंपर सायकलीला टेकला, सायकलवाला आडवा झाला. लागलं नाही, पण त्यानं जी तोंडाला येतील ती विशेषणं दिली ती सगळी रास्त होती.

स्कूलच्या मालकांनी तिला केबिनमध्ये घेतलं. "तुम्ही आजारी असता तर मी समजून घेतलं असतं. पण रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणता. मग हा निष्काळजीपणा झाला. पुन्हा असं झालं तर चाव्या टेबलावर ठेवायच्या."

बाहेर त्या डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी ब्रेकबाईचा हात हातात घेतला, नाडी बघितली, चेहरा निरखला.

"थायरॉइड तपासलाय कधी?"

"तपासलाय. नॉर्मल आहे." ब्रेकबाईनं पर्समधली रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या मांडीवर टाकली. आता हा कागद बघूनच तिचं डोकं फिरायचं.

डॉक्टरीणबाईंनी तो खालपर्यंत वाचला. "खाली सही माझीच आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही समोर बसलाय त्या नॉर्मल नाही. दोन्हींतलं एक खोटं आहे. काय काय घेता, सगळं सांगा."

पुडीचं सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. दुप्पट मात्रेचं सांगितल्यावर मात्र सरळ होऊन बसल्या. "तपासणीच्याच दिवशी दुप्पट? औषध आजारासाठी असतं. हे तपासणीसाठी कसं काय?"

"आणि आधी गोळी घ्यायचात ती कशी?" त्यांनीच पुढे विचारलं.

"सकाळी, दुधाच्या चहाबरोबर. गुडघ्यांसाठी कॅल्शियमची गोळी आहे, तीही तेव्हाच. एकदाच काय ते उरकून टाकायचं."

"अहो, मग ती अंगाला लागणार कशी? थायरॉइडची गोळी उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा नंतर, आणि कॅल्शियम तर चार तासांनी. कुणी सांगितलं नाही?"

"सांगायचं सोडा, कुणी विचारलंही नाही. नुसता डोस वाढवत राहिले."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "हा आमच्या लोकांचा गुन्हा. आम्ही दोन मिनिटं दिली असती, तर तुम्ही त्या गुरूच्या दारात गेला नसता."

त्यांनी पूड तपासायला पाठवली. त्यात विष नव्हतं, औषधही नव्हतं. बायोटिन नावाचं एक जीवनसत्त्व मात्र भरमसाट होतं, केसांसाठी आणि नखांसाठी विकतात ते. ब्रेकबाईनं काही दिवस पूड बंद ठेवली आणि पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट असा बिघडलेला आला, की डॉक्टरीणबाईंनी तिला त्याच दिवशी स्वतः थायरॉइडच्या तज्ज्ञाकडे नेलं आणि तिची गोळी पुन्हा सुरू झाली.

पण घरी ऐकेल ती नणंद कसली. "सोपं आहे. पूड सोडलीस म्हणून आजार उलटला. यात गुरूंचा काय दोष?"

ब्रेकबाईला भांडी आपटावीशी वाटली. तिच्यासोबत घरी आलेल्या डॉक्टरीणबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "ताईंची शंका बरोबर आहे. मग ज्याला काहीही झालेलं नाही अशा माणसाला पूड देऊन बघू. पूड खरी असेल तर धडधाकट माणसाचा रिपोर्ट जसा होता तसाच राहील."

"मी घेते," नणंद म्हणाली. "मला काय धाड भरलीय?"

आधी तिचं रक्त तपासलं. सगळं उत्तम. मग तिनं मोठ्या भक्तिभावानं पूड घेतली, तपासणीच्या सकाळी दुप्पट घेतली. रिपोर्ट हातात पडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिचा थायरॉइड म्हणे बेफाम सुटला होता.

"पण मला काहीच होत नाहीये," ती म्हणाली. "छातीत धडधड नाही, हात थरथरत नाहीत, रात्री मस्त झोपते."

"कारण तुम्हाला काही झालेलंच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुडीनं तुम्हाला आजार दिला नाही आणि तुमच्या वहिनीला बरं केलं नाही. तिनं दोन्ही वेळा फक्त आमचं मशीन फसवलं."

नणंदेनं ती बाटली उचलून झाकणापासून बुडापर्यंत फिरवून बघितली. मग हळूच म्हणाली, "गुरू व्हायच्या आधी तो माझ्या पार्लरमध्ये केसांची पूड विकायला यायचा. एक गिऱ्हाईक बाई चिडून आली होती, ही पूड घेतल्यापासून थायरॉइडचा रिपोर्ट उलटासुलटा येतो म्हणून. मला वाटलं, आता हा गयावया करेल. तर त्यानं तिला खुर्ची दिली आणि खोदखोदून विचारलं, रिपोर्ट नक्की कुठल्या बाजूला गेला?"

पुढच्या सभेत कंठगुरूंनी आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, "आज कोण साक्ष देणार?" ब्रेकबाई उठली. मंचापर्यंत जायला तिला वेळ लागला, पायऱ्यांवर दम लागला. तोवर नणंद आणि डॉक्टरीणबाईही वर आल्या.

"हा माझा नॉर्मल रिपोर्ट," ब्रेकबाई म्हणाली, "आणि ही त्या रिपोर्टातली मी. सुजलेली, गारठलेली, जिच्या हातून माणूस मरता मरता वाचला अशी. आणि हा माझ्या नणंदेचा. धडधाकट बाई. तुमची पूड खाल्ली आणि कागदावर रोगी झाली."

गुरू गालातल्या गालात हसले. "गरज नसताना घेतली. अतिश्रद्धा, दुसरं काय."

"तुम्ही श्रद्धा मागत नाही ना?" नणंदेनं विचारलं. "मग केसांची पूड गळ्याला कशी लागू पडली, तेवढं सांगा. बाटली तीच आहे, झाकणसुद्धा बदललं नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी माइक घेतला. गाडीत घाबरणारी ही बाई इथे अजिबात घाबरली नाही. "आमच्या मशीनमध्ये रक्तातला थायरॉइडचा अंश पकडायला हुकासारखा एक आकडा असतो. तो आकडा जागेवर अडकवायला हेच जीवनसत्त्व वापरतात. तुमच्या रक्तातच त्याचा पूर आला, तर आकड्याची जागा ते अडवून बसतं. मग मशीन एक संख्या खोटी कमी दाखवतं आणि दुसरी खोटी जास्त. मंदावलेल्या माणसाचा रिपोर्ट त्यामुळे नॉर्मल दिसतो, आणि धडधाकटाचा बिघडलेला. सगळ्याच मशीनचं असं होत नाही, आमच्या मशीनचं होतं. हे यांना माहीत आहे, म्हणून लॅब आमचीच सांगतात आणि त्या दिवशी पूड दुप्पट. ज्यांनी गोळी बंद केली असेल त्यांनी उद्या डॉक्टरकडे जा. पूड थांबवा, थोडे दिवस जाऊ द्या, आणि मग रक्त द्या. काय काय घेता ते सांगून द्या."

कंठगुरूंची ध्यानाची वेळ झाली होती. ती पडद्यामागच्या दारानं बाहेर जाऊन करायची असावी.

आता सगळे खवळून उठले असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. काहींनी बाटल्या तिथेच टाकल्या. एका गृहस्थांना रडू कोसळलं, त्यांच्या बायकोची गोळी त्यांनीच बंद केली होती. पण कितीतरी लोक रेंगाळत उभे होते. "पण माझा तर नॉर्मलच आला होता," एक बाई म्हणाली. तिचा चेहरा सुजलेला होता आणि अंगात स्वेटर होता.

ब्रेकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं दाखवलं, एवढं सांगितलं, तरी हे? पण मग तिनं तो स्वेटर बघितला आणि माइक पुन्हा हातात घेतला.

"मी गाडी शिकवते," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आरसा बघा म्हणून मीच सांगते. पण आरशात रस्ता रिकामा दिसला, तरी मान वळवून बघायची. रिपोर्ट बघा, जरूर बघा. आणि मग आपल्या माणसाकडे बघा. तो बरा दिसतोय का? नसेल, तर विचारा. डॉक्टरला विचारा, लॅबला विचारा, मला विचारा. विचारल्यावर जो चिडतो किंवा उठून जातो, त्याच्याकडून चिमूटभरही काही घेऊ नका."

त्या बाईनं पर्समधून बाटली काढली, पण टाकली नाही. ती नुसती हातात धरून डॉक्टरीणबाईंपुढे लागलेल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

ब्रेकबाईची गोळी काही एका रात्रीत लागू पडली नाही. उपाशी पोटी घ्यायची, काही आठवडे थांबायचं, रक्त तपासायचं, डोस किंचित हलवायचा, पुन्हा थांबायचं. मालकांनी तिला तोवर ऑफिसात बसवलं होतं आणि ती वैतागून जो समोर येईल त्याच्यावर डाफरत होती. फ्रिजवरचा कागद नवऱ्यानं न सांगता काढला. आता तो सकाळी चहाचा कप तिच्यापासून लांब ठेवतो आणि विचारतो, "आज कसं वाटतंय?"

ती पुन्हा गाडीत बसली तेव्हा स्टिअरिंगवर डॉक्टरीणबाईच होत्या. त्यांनी आरशात बघितलं, रस्ता रिकामा दिसला, गाडी उजवीकडे घेतली. मागून सायकलवाला येत होता. तो त्यांना दिसायच्या आत गाडी जागच्या जागी थांबली होती.

"मान," ब्रेकबाई म्हणाली. "ती काय मी वळवू?"