जादूघरातला काळा-पांढरा गालिचा

मी गालिचा बोलतोय. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा, बडोद्यात निजामपुऱ्यातल्या एका फ्रीमेसन लॉजमधला, म्हणजे एका गुप्त बंधुमंडळाच्या सभागृहातला. आसपासच्या सोसायट्यांतले लोक आमच्या इमारतीला जादूघर म्हणतात. काळ्या सुटातली माणसं येतात, वरच्या मजल्याची दारं लावून घेतात आणि तासाभराने हसत बाहेर पडतात, म्हटल्यावर लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय?

माझा जन्म तुरुंगातला. बापू नावाच्या कैद्याने मला मागावर विणलं. "एवढ्या मोठ्या पटावर सोंगट्या हलवणार कोण?" असं तो शेजारच्याला विचारायचा. माझी शेवटची किनार त्याने फार सावकाश विणली. काम संपलं की त्याला पुन्हा कोठडीत बसावं लागणार होतं.

लॉजमध्ये मला वरच्या दालनात अंथरलं. तिथे फक्त सभासदांनीच यायचं. ते एकमेकांना बंधू म्हणतात. कोयलीच्या रिफायनरीतला फोरमन, पारशी डॉक्टर, बोहरी व्यापारी, मराठी मास्तर, सगळे कमरेला पांढरे एप्रन बांधून माझ्यावर उभे राहत. मधल्या चौरंगावर गीता, कुराण, अवेस्ता, बायबल शेजारी शेजारी. आत धर्माचा नि राजकारणाचा विषय काढायचा नाही असा नियम. त्यामुळे असेल, पण भांडणं मी फार कमी ऐकली. सभा सुरू करताना प्रमुख, म्हणजे मास्टर, हातोडीचे ठोके देतात. पुढचं मी सांगणार नाही. शपथ त्यांनी घेतली आहे, मी नाही. पण ज्यांच्या पायाखाली इतकी वर्षं राहिलो, त्यांचं गुपित फोडायला मन धजत नाही.

खालच्या मजल्यावर मात्र सगळ्यांना मोकळीक होती. तिथे डोळ्यांची शिबिरं भरत, जयपूर फूट बसवून मिळत. मास्टर भास्कररावांच्या पत्नी मंदाकिनीबाई शिबिरात चहा, खिचडी-कढी सगळं बघायच्या. लग्नाला पस्तीसेक वर्षं झाली होती, पण त्या जिना कधी चढल्या नव्हत्या. सभेच्या वेळी दाराबाहेर लक्ष्मण नावाचे बंधू नागवी तलवार घेऊन उभे असत. बाई त्यांनाही खालूनच हाक मारून चहा पाठवायच्या.

मग विश्वामित्री नदीला तो मोठा पूर आला. सकाळी नाल्याचं पाणी उलटं फिरलं आणि गल्लीत शिरलं. पाणी वर चढलं तर म्हणून भास्करराव नि लक्ष्मण मला माळ्यावर टाकायला धावत आले. लक्ष्मणनी माझं एक टोक गुंडाळायला घेतलं, तेवढ्यात खालून कोणीतरी हाका मारू लागलं.

शेजारच्या सोसायटीतली मिताली होती ती. तिच्या सासूबाई, गंगाबाई, घरात पलंगावर होत्या. पाय मोडल्यापासून त्यांना उठता येत नव्हतं. पाणी पलंगाला लागलं होतं आणि आसपासची घरं सगळी बैठी, उंच जागा फक्त आमची.

"काका, आईंना वर घेऊ द्या ना," मिताली रडकुंडीला आली होती.

लक्ष्मणनी भास्कररावांकडे पाहिलं. "बाहेरच्या कोणाला आत घेतलं तर आपले वरिष्ठ लॉज बंद करतील."

भास्करराव जिन्यापाशी जाऊन खाली डोकावले. मग म्हणाले, "माझी खुर्ची उचला. तीत बसवून आणू त्यांना. आणि तो गालिचा राहू द्या, फरशी गार आहे."

मी पुन्हा पसरलो. खरं सांगतो, मला धडकी भरली होती.

मास्टरच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसवून गंगाबाईंना जिन्यापर्यंत आणलं. पण तिथे त्यांनी कठडा असा घट्ट धरला की सुटेना.

"मी नाही येणार त्या जादूघरात! आत कवटी असते म्हणे."

"आई, अहो पाणी वाढतंय! त्यात नदीतल्या मगरी असतात."

"मगर परवडली. मगर काय करते ते ठाऊक तरी आहे."

पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. तेव्हा मंदाकिनीबाई साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यातून आल्या आणि त्यांनी गंगाबाईंच्या हातावर हात ठेवला.

"गंगाकाकू, मीसुद्धा कधी वर गेले नाही. मलाही भीती वाटतेय. दोघी बरोबर जाऊ या का?"

कठड्यावरची बोटं सुटली आणि खुर्ची वर आली.

चिखलाने भरलेली दोघींची पावलं माझ्यावर टेकली. गंगाबाईंना टेकू देऊन बसवलं. त्यांनी छताकडे पाहिलं, चौरंगाकडे पाहिलं, गीतेला हात जोडले, आणि कुराण शेजारीच दिसलं म्हणून त्यालाही जोडले.

मंदाकिनीबाई चहूकडे बघत होत्या. "अहो, एवढंच?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एवढ्यासाठी इतकी वर्षं मला खाली ठेवलंत?"

भास्करराव कानापर्यंत लाल झाले. गंगाबाई खुदकन हसल्या, मग सगळेच हसले. लक्ष्मण तेवढे कोपऱ्यातल्या कपाटाला पाठ लावून उभे होते. त्या कपाटाबद्दल मी काही बोलणार नाही.

दुपारपर्यंत माझ्यावर अख्खी सोसायटी बसली होती. मुलं माझ्या चौकटींवर लंगडी घालत होती. कढी सांडली, तीही माझ्यावरच. पाणी ओसरल्यावर बायकांनी मला गच्चीवर नेऊन धुतलं.

काही दिवसांनी वरिष्ठांतले एक वडीलधारे बंधू, उदयसिंहराव, चौकशीला आले. ते नियमांचे मोठे पक्के. भास्कररावांनी घडलं ते सारं सांगितलं आणि मास्टरपदाची हातोडी त्यांच्यापुढे ठेवली. उदयसिंहराव माझ्याकडे, त्या कढीच्या डागांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"आजीबाई बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी हातोडी भास्कररावांच्या हातात परत दिली.

वर आता नवा गालिचा आला आहे. माझा रंग उडाला, एक कड उसवली. मला भंगारात देतील या धास्तीत मी होतो, पण मंदाकिनीबाईंनी मला मागून घेतलं. आता मी खालच्या मजल्यावर असतो. माझ्यावर नंबराची वाट पाहत माणसं बसतात, कंटाळली की माझ्या चौकटी मोजतात, गुजरातीत, मराठीत गप्पा मारतात. इथे मला कुणाचंच काही लपवावं लागत नाही. फार हलकं वाटतं.

कधी डोळे तपासायला आलात तर माझ्यावर निवांत बसा. चपला काढल्या नाहीत तरी चालेल.