कार्मेनमाता डोळा मिचकावते

“मिचकावला! मातेनं डोळा मिचकावला!”

पुढच्या रांगेत एकच गलका झाला. मागच्या रांगांना काहीही दिसलं नव्हतं, पण भक्तीत मागे राहायची कोणाची तयारी नव्हती, म्हणून त्यांनी दुप्पट गलका केला. कोणी गुडघे टेकले, कोणी छाती बडवली, आणि एका आजीबाईंनी भरून येऊन शेजारणीच्या हातातला रुमाल ओढून त्यात नाक शिंकरलं.

वादळाने पोर्तो रिकोच्या डोंगरातली वीज नेली त्याला आता एवढा काळ लोटला होता की लोक खोलीत शिरताना सवयीने बटण दाबायचंही विसरले होते. घरं अंधारात, रस्ते अंधारात, वीज कंपनीची माणसं खाली किनाऱ्यावर. आणि अशात रस्त्याकडेच्या घुमटीत कार्मेनमातेच्या मूर्तीमागचं दिव्यांचं कडं लख्ख पेटलेलं! तिथे ना जनरेटर, ना बॅटरी. खांबावरची तार तर तुटून घुमटीच्या वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर लोंबत होती. मग वीज यायची कुठून?

“वरून!” कासियानोबुवा सांगायचे आणि बोट आभाळाकडे करायचे. बोट आभाळाकडे आणि लक्ष देणगीच्या बादलीकडे.

लोक त्यांना ‘हेर्मानो’, म्हणजे बंधू, म्हणत, पण काम बुवाचंच. वादळाआधी ते पाण्याचे पंप दुरुस्त करत, आणि पंप दुरुस्त होत नसत. वादळानंतर त्यांनी चमत्कार करायला घेतले. त्यात बिघडलेली वस्तू कोणी परत आणून देत नाही.

समोरच्या इमारतीत, आपल्या औषधाच्या दुकानाच्या दारात, यारिमार हे सगळं पाहत उभी होती. कडेवर तीन वर्षांची आलोंद्रा. नवरा कामासाठी फ्लोरिडात, घरी सासू, गावात फोन नाही. काळजी करणं हा यारिमारचा जोडधंदाच झाला होता. पोरगी शिंकली तरी काळजी, शिंकली नाही तरी काळजी. गावाने तिला ‘शिकलेली घाबरट’ असं नाव ठेवलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

या इमारतीत चार गाळे. बाउदिलिओकाकांची बेकरी, यारिमारचं दुकान, ओबेद डॉक्टरांचा दातांचा दवाखाना आणि एक हार्डवेअरवाला. वादळानंतर चौघांनी मिळून एक दणदणीत जनरेटर आणला. तेव्हा तो इमारतीला जोडायचा कसा, यासाठी बैठक बसली होती. पोन्से शहरातून एक इंजिनियर बाई आल्या होत्या. त्यांनी भिंतीवर खडूने चित्र काढून सांगितलं, “तुम्हाला चेंजओव्हर स्विच लागेल. हँडल या बाजूला केलं की रस्त्याची वीज, त्या बाजूला केलं की जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. हाताने फिरवायचा घ्या किंवा आपोआप फिरणारा घ्या, छोटा चालेल की मोठा लागेल ते हिशोब करून सांगते. पण तो असलाच पाहिजे.”

“आणि नसला तर?” ओबेद डॉक्टर.

“तर जनरेटरची वीज उलटी रस्त्यावर जाईल.”

“जाऊ दे की! रस्त्याला तरी कुठे वीज आहे?” डॉक्टर स्वतःच्या विनोदावर हसले. त्यांच्या भिंतीवर तीन पदव्या टांगलेल्या आहेत, त्यामुळे बाकीचेही हसले.

तेवढ्यात कासियानोबुवा उठले. “बंधूंनो, वीज ही कृपा आहे. कृपेला कडीकुलूप लावणार? एक हँडल म्हणे या बाजूला, एक त्या बाजूला! अहो, कृपेला येजा करायला दार उघडं लागतं. दार बंद केलंत तर ती घुसमटते. माझ्याकडे अभिषेक केलेली केबल आहे. ती जोडतो. मेन स्विच मात्र चालूच ठेवायचा. मेन बंद करणं म्हणजे मातेच्या तोंडावर दार आपटणं.”

मग त्यांनी केबलवर तीर्थ शिंपडलं. विजेच्या केबलवर पाणी शिंपडणारा इसम बघूनही ज्यांच्या मनात शंका आली नाही, त्यांनी हात वर केले. यारिमारचा हात खालीच राहिला. तीनास एक. इंजिनियर बाई चित्र पुसून निघून गेल्या. बुवांनी केबल जोडली, जनरेटर घुरघुरला, आणि त्याच क्षणी समोर घुमटीत कार्मेनमाता उजळली! या योगायोगावर विचार करायला कोणाला फुरसत होती? सगळे रस्ता ओलांडून गुडघे टेकायला धावले होते.

त्या दिवसापासून माता रोज दुपारी डोळा मिचकावू लागली. क्षणभर कडं मंद व्हायचं, पुन्हा लख्ख. ‘नवस पोचल्याची पावती,’ बुवा म्हणायचे. ही पावती नेहमी दुपारच्या पावाआधी मिळायची. त्यामुळे लोकांची सोय अशी झाली की आधी दर्शन, मग बेकरीपुढे गरम ‘पान सोबाओ’च्या, म्हणजे तिथल्या मऊ पावाच्या, रांगेत. देवाधर्मात पोटाची इतकी काळजी घेतलेली यारिमारने पूर्वी पाहिली नव्हती. तिला एवढंच खुपत होतं की माता मिचकावते, तेव्हाच दुकानातल्या इन्सुलिनच्या फ्रिजमधला दिवाही मिचकावतो. आता कार्मेनमाता फ्रिजच्या आतून कशाला इशारे करेल?

मग ती घोरपड पडली. म्हणजे इग्वाना, पण आकाराने घोरपडच. आंब्याच्या फांदीवरून खांबावर उडी मारली, वर कसलीशी ठिणगी उडाली, आणि ती धप्पकन घुमटीपुढे येऊन आपटली. मेलेली, शेपटी करपलेली.

“सैतान!” बुवा गरजले. “सैतान मातेवर चालून आला, आणि मातेनं त्याला भस्म केलं!”

भस्म वगैरे काही झालं नव्हतं. जनावर जागेवर अख्खं पडलं होतं. पण गर्दीला ‘भस्म’ शब्द आवडला. त्याच भरात बुवांनी जाहीर केलं की रविवारी महापूजा. एक निष्पाप लेकरू, पाठीला पंख लावलेलं, शिडीवर चढेल आणि त्या लोंबत्या तारेला मातेची फीत बांधेल. “मेलेली तार जिवंत होईल, आणि घरोघर लाईट येईल!”

संध्याकाळी यारिमार घरी गेली तर सासूबाई, प्रोवी, पुठ्ठ्याला कोंबडीची पिसं चिकटवत बसल्या होत्या.

“हे काय, आई?”

“पंख. आपल्या आलोंद्राची निवड झाली!” प्रोवींचा चेहरा खुलला होता. “बुवा म्हणाले, हीच परी. मी होकार देऊन टाकला.”

“मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, शिडी आहे, पोर पडेल. दोन बाप्ये धरणार आहेत तिला. तुझं म्हणजे ना यारी, पोरीला कापसात गुंडाळून कपाटात ठेवशील.”

 शिडीची भीती यारिमारला खरंच वाटत होती. पण मनात सलत होतं ते वेगळंच: करपलेली शेपटी. मेलेल्या तारेपाशी जनावर करपतं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी घुमटीपाशी कोणी नसताना ती बेकरीत शिरली. “काका, एक काम करता? कणकेचं यंत्र जरा चालू करा.”

“आत्ता? कणीक नाही अजून भिजवलेली.”

“रिकामंच फिरवा.”

बाउदिलिओकाकांनी बटण दाबलं. यंत्राने झटका घेतला, घर्रर्र झालं. यारिमार दारातून घुमटीकडे बघत होती. कार्मेनमातेने डोळा मिचकावला.

“बंद करा. आता परत.”

माता पुन्हा मिचकावली.

“काय बघतेस गं एवढं?” काका हात पुसत बाहेर आले. तिने त्यांना दारात उभं केलं आणि आत जाऊन स्वतः बटण दाबलं.  ती आली तेव्हा काका तोंड उघडं टाकून उभे होते.

“म्हणजे... रोज दुपारी... माझी कणीक?”

“तुमचीच. यंत्र सुरू होताना एकदम जोर खेचतं, म्हणून सगळेच दिवे क्षणभर मंद होतात. माझा फ्रिज आणि तुमची माता, दोन्ही आपल्या जनरेटरवर चालतात, काका.”

काका आधी हसले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि हसणं थांबवलं. यारिमार खांबावर टांगलेल्या डब्याकडे बघत होती, राखाडी, बादलीएवढा. त्यातून घुमटीला वीज जायची. त्यातूनच इमारतीला यायची. आणि त्याच डब्यातून एक वायर वर जायची, त्या लोंबत्या तारेला. इंजिनियर बाईंचं खडूचं चित्र तिला लख्ख आठवलं. 

मेन गुपचूप बंद करता आला असता. पण बुवांनी तासाभरात परत चालू केला असता, आणि गावाने परत मान डोलावली असती. बंद करायचा तर सगळ्यांदेखत. प्रोवींना तिने रात्रीच्या जेवणावर समजावून पाहिलं. प्रोवींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तू शिकलेली आहेस बाई. पण मातेनं काही तुझ्या कॉलेजात नाव घातलं नव्हतं.”

रविवारी अख्खा डोंगर दर्शनाला लोटला. ढोल, मेणबत्त्या, बादल्या तीन. घुमटीला शिडी टेकवलेली. आलोंद्रा पंख लावून आजीच्या कडेवर बसली होती आणि एकेक पीस उपटून खात होती.

“या, छोट्या परी!” बुवांनी हात पसरले. “मेलेल्या तारेला जीव दे!”

आणि माता विझली.

कडं काळं ठिक्कर. ढोल थांबला. समोर इमारतीत मात्र जनरेटर घुरघुरत होता, बेकरीचे दिवे जळत होते.

“कोणीतरी पापी आहे इथे!” बुवा ओरडले.

“मी आहे,” यारिमार बेकरीच्या बाजूच्या, मेन स्विचच्या खोलीतून बाहेर येत म्हणाली. “मेन बंद केलाय. आई, पोरीला मागे घ्या. ती शिडी आडवी करा आधी. आडवी करा म्हणते ना!”

घाबरट बाई एवढ्या मोठ्याने ओरडू शकते हे कोणालाच माहीत नव्हतं. शिडी आडवी झाली.

“आता बघा.” ती आत गेली. माता पेटली. यारिमार परत दारात आली. “कोणी सांगा, कधी विझवू?”

“आत्ता!” एक कारटं ओरडलं. माता विझली. “परत!” पेटली. चार वेळा झालं. पाचव्यांदा लोक हसू लागले होते आणि ओबेद डॉक्टरांना मोजे वर ओढायचं फार काम निघालं होतं. शेवटी तिने मेन बंद केला आणि त्याला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

“वरून नाही येत वीज. आमच्या जनरेटरची वीज चालू ठेवलेल्या मेनमधून उलटी बाहेर पडते, खांबावरच्या त्या डब्यात जाते, तिथून घुमटीत येते. एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण तो डबा वरच्या तारेतली हजारो व्होल्टची वीज कमी करून आपल्याला देतो. उलटी वीज घातली की तोच डबा ती वाढवून वर देतो. तार दोन्हीकडून तुटलेली, म्हणून ती वीज गावभर न जाता या तुकड्यात कोंडून राहिली. म्हणजे ती तार मेलेली नव्हती. घोरपडीला कोणी भस्म केलं नाही, तिने तारेला हात लावला. आज माझी आलोंद्रा लावणार होती.”

“खोटं!” बुवांचा आवाज चिरकला. “तार मेलेलीच आहे! माता साक्षी आहे!”

“मग तुम्हीच चढा की. मोठ्या माणसाची फीत मातेला चालत नाही का?”

“चढा, हेर्मानो!” बाउदिलिओकाकांनी शिडीला हात घातला. “मी धरतो घट्ट.”

बुवांनी तारेकडे पाहिलं. मेनच्या खोलीकडे पाहिलं. पुन्हा तारेकडे पाहिलं. ते चढले असते तर यारिमारने स्वतः त्यांचा पाय धरून खाली ओढलं असतं. कुलूप लावलं म्हणून तार तपासल्याशिवाय कोणी तिला हात लावायचा नसतो. पण ती वेळ आलीच नाही.

“माझा गुडघा...” बुवा म्हणाले. “वादळात दुखावला.”

गर्दीत कोणी हसलं नाही. माणूस लेकराला जिथे चढवायला निघाला होता, तिथे स्वतः चढत नाही, हे समजायला कॉलेज लागत नाही. प्रोवी पुढे आल्या. त्यांनी आलोंद्राच्या पाठीवरचे पंख सोडले, बुवांच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “घे. उडून जा.”

सोमवारी बैठक बसली. इंजिनियर बाईंना परत बोलावलं. हिशोब झाला, हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विच ठरला, आणि भाड्याचा जनरेटर आणला तरी नीट जोडता यावा म्हणून बाहेरच्या भिंतीवर जोडणीची पेटी. या वेळी हात चारही वर झाले. डॉक्टरांचा सर्वांत उंच.

माणसांनो, मातेपुढे गुडघे टेका, मेणबत्ती लावा, कोणाची हरकत नाही. पण कोणी चमत्कार दाखवला तर रडायच्या आधी एकदा विचारा: हे कशावर चालतं? बंद कुठून होतं? आणि तो म्हणाला की विचारणं पाप आहे, तर आपली पोरं उचला आणि दोन पावलं मागे सरका.

प्रोवी अजूनही रोज घुमटीत जातात. मेणबत्तीच्या उजेडात माता पूर्वीपेक्षा बरी दिसते, असं त्यांचं मत आहे. फक्त जाण्याआधी त्या बेकरीच्या बाजूच्या खोलीत डोकावतात आणि हँडल कोणत्या बाजूला आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतात.