टण्ण म्हणायच्या आधी

मी एक जुनी पितळी घंटी आहे, टेबलावर ठेवायची, डोक्यावर बटण असलेली. मित्रांनो, बोलताना रेंगाळले तर सांभाळून घ्या. सारा जन्म टण्ण एवढंच म्हणण्यात गेला.

कारखान्यात मला घासून चकचकीत केलं. मग कितीतरी वर्षं मी एका साहेबाच्या टेबलावर होते. शिपायाला हाक मारायची, आणि साहेबाचा राग डोक्यावर झेलायचा. साहेब निवृत्त झाले आणि मी भंगारात जाता जाता या वाचनालयात आले. इथे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वरच्या खोलीत कवी जमतात. वाटलं, चला, आता चार बरे शब्द कानांवर पडतील.

पडलेही. 'काय गोड वाजते हो!' असं कौतुकही झालं. पण प्रत्येक कवीला मिनिटं आठच, आणि ती संपली की, किंवा कविता आधीच संपली की, वाजायचं मी. हळूहळू सगळे माझ्याकडे इंजेक्शनच्या सुईकडे बघावं तसं बघू लागले. आता बटणाला गंज चढलाय. मला कुणी पुसतही नाही. थकले मी.

इथला आणखी एक नियम आहे. आपल्या कवितेवर चर्चा चालू असताना कवीने तोंड उघडायचं नाही.

मागे एकदा निवृत्त बसड्रायव्हर कविता वाचत होते. पहिल्यांदाच त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, ताईंना, सोबत आणलं होतं. त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. कविता त्यांच्यावरच होती.

'ताई, शाळा सुटली माझी,
आणि माझं दप्तर तू
शेजारच्या पोराला देऊन टाकलंस...'

इथे ड्रायव्हर थांबले. अध्यक्ष मास्तरांना वाटलं, संपली कविता. त्यांनी मला दाबलं. मी वाजले, टाळ्याही वाजल्या.

"शेवट कसला कडक केलाय," दाताचे डॉक्टर म्हणाले.

"हो ना, माफी नाहीच. कडू ते कडूच ठेवलंय," नर्सबाई म्हणाल्या.

ड्रायव्हर कागद मुठीत धरून गप्प बसले. नियम ना! चर्चा आटपेपर्यंत ताई उठून गेल्या होत्या.

पुढच्या महिन्यात ते एकटेच आले.

"अर्धीच झाली होती हो कविता," ते म्हणाले.

मास्तरांचा चेहरा उतरला. "मग घरी वाचून दाखवा की."

"ऐकत नाही ती. म्हणते, चारचौघांत बोललास, आता घरात कशाला सारवासारव?"

त्या दिवशी मला माझ्याच आवाजाचा वीट आला.

मास्तर स्वतः ताईंच्या घरी गेले. एकदा नाही, तीनदा. शेवटी एका शनिवारी ताई आल्या. "नाही पटलं तर उठून जाईन," असं बजावून पहिल्या रांगेत बसल्या.

ड्रायव्हर वाचू लागले आणि नेमके त्याच ओळीवर अडले. सवयीने मास्तरांचा हात माझ्या डोक्यावर आला.

"मास्तर, हात काढा," ताई म्हणाल्या. "संपलं नाहीये त्याचं. रडू आलं की लहानपणापासून असाच थांबतो तो. मागच्या खेपेला शेवटच्या रांगेतून मला तोंड दिसलं नाही त्याचं."

मास्तरांनी हात काढला. ड्रायव्हरांनी डोळे पुसले आणि पुढचं वाचलं.

'तुझी शाळा माझ्याआधी सुटली होती.
तुझं दप्तर कुणाला दिलंस,
ते मी कधी विचारलंच नाही.'

ताई उठून भावाजवळ गेल्या.

"तुलाच तर दिलं होतं रे," त्या म्हणाल्या. "तेच घेऊन जायचास तू शाळेत."

त्या कवितेवर चर्चा झाली नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर पुसा, बटणाला थेंबभर तेल द्या. पण मला दाबण्याआधी एकदा वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. मला थांबणं जमत नाही. दाबलं की वाजावंच लागतं.