पत्रिकांनी भरलेली मेलपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मेलपेटी आहे. मला पत्र्याचे अंग नाही की कुलूप नाही. अमरावतीतल्या एका खोलीत सतत घरघरणारा मोठा संगणक आहे, त्यात मला ठरावीक जागा दिली आहे. वरूडच्या एका संत्रा संस्थेचे मेल माझ्याकडे येतात. तिथल्या दामिनीताई ते उघडत असत.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. बागायतदार फळांचे फोटो पाठवत, भाव विचारत. पुढे घरच्या लग्नपत्रिकाही येऊ लागल्या. रंगीत आणि भल्या मोठ्या. दामिनीताई जुने फोटो पुसत, पण पत्रिकेला हात लावत नसत. "शुभकार्याची पत्रिका कोणी फेकते का, बाप्पा?" असे म्हणत. मलाही तेवढीच माणसांची सोबत होती.

एका हंगामात मी गच्च भरले. नेमकी तेव्हाच व्यापाऱ्याची लेखी ऑर्डर आली आणि जागा नाही म्हणून माझ्या दारातून परत गेली. ऑर्डर मेलवर आल्याशिवाय संस्था ट्रक भरत नसे. संस्थेच्या बागायतदार माणिकबाईंची तोडलेली संत्री शेडमध्येच पडून राहिली.

माणिकबाई तडक कार्यालयात आल्या. "दामिनी, माल नरम पडून राहिला. ट्रक काहून भरत नाही वं?"

ऑर्डर का आली नाही हे विचारायला दामिनीताईंनी अमरावतीला जीवनला फोन लावला. आम्हा पेट्यांची देखभाल तोच करतो. तो म्हणाला, "ताई, लग्नं लागली, पंगती उठल्या, अन् तुमी मांडव तसेच उभे ठेवले. पत्रिका काढा."

तरी त्यांचा हात थांबला. पहिलीच पत्रिका माणिकबाईंच्या लेकीची, हर्षाची होती.

"पुसून टाक वं," माणिकबाई म्हणाल्या. "हर्षा दोन लेकरांची माय झाली. तिचा संसार तेल्हाऱ्यात हाय, तुह्या पेटीत नाही."

पत्रिका गेल्या. पुसलेले मेल कचरापेटीत जाऊन माझीच जागा अडवतात, म्हणून जीवनने तीही रिकामी करायला लावली. ऑर्डर पुन्हा आली. ट्रक हलला.

आता माझ्यात पुष्कळ जागा आहे. आमंत्रणे आणि ऑर्डरी मोबाइलवर जातात, माझ्याकडे जाहिराती येतात. आठवडेच्या आठवडे मला कोणी उघडत नाही.

मित्रांनो, आपली मेलपेटी वेळच्या वेळी आवरत जा. आणि आवरायला काही नसले तरी उघडून पाहत जा. मला हाक मारता येत नाही. तेल्हाऱ्याहून हर्षाने धाकट्या लेकीच्या वाढदिवसाचे आमंत्रण धाडले आहे, आईच्या संस्थेतल्या सगळ्यांना. वाढदिवस रविवारी आहे. ते अजून तसेच माझ्याजवळ पडून आहे.