कसला ताप

घरात तनुजाला सगळे सीबीआय म्हणायचे. मुलाच्या, शिवमच्या, औषधाच्या बाटलीवरची तारीख ती दुकानात एकदा वाचायची आणि घरी येऊन पुन्हा एकदा. टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना तर तिनं प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

"श्वासाची नळी घालायला स्नायू सैल व्हावे लागतात, त्याचं इंजेक्शन देतो," त्या म्हणाल्या. "एखाद्या घराण्याला ते सोसत नाही. अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतच जातो. आधी कळलं तर ते इंजेक्शन आणि भुलीचा गॅस आम्ही वापरतच नाही. म्हणून विचारते, रक्ताच्या नात्यात ऑपरेशनच्या टेबलावर कुणाला काही झालंय?"

तनुजानं सासूकडं पाहिलं. "आत्या?"

"नाय बाई, कुणालाच नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि नातवाच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. त्या पाठीवर एक काळी जन्मखूण होती. तनुजाच्या नवऱ्याच्या, आकाशच्या, थोरल्या भावाला, साहेबरावला, तिथंच तशीच होती म्हणे. तो लहानपणी तापानं गेला. गावी पिशोरला सगळे म्हणत, तोच परत आलाय.

"मम्मी, नंतर दोन आइस्क्रीम. आजीला नको, तिला दात नाहीत."

"आरं वाह्यात, आइस्क्रीमला दात कशाला लागतेत?"

हसतच तो आत गेला.

थोड्याच वेळात डॉक्टरबाई धावत बाहेर आल्या. "जबडा आवळलाय, ताप चढतोय. मघाशी विचारलं ते आता खरं सांगा."

मनकर्णाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "माझा साहेबराव... हाड बसवायला घाटी दवाखान्यात नेला व्हता. टेबलावरच अंग भट्टीसारखं झालं."

"मघाशी का नाही बोललात, आत्या?"

"तोच परत आलाय ना गं. कसा गेला ते तोंडानं काढलं आन् ह्याला बी..." त्यांनी पदर तोंडात कोंबला.

तापानं गेला. लग्न झाल्यापासून तनुजा हे ऐकत आली होती. कसला ताप, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"यावर औषध असेल ना?" आकाशनं विचारलं.

"एकच आहे. शहरात कुठंच नाही. मुंबईला फोन केलाय, पण..." डॉक्टरबाई दाराकडं वळल्या. "बर्फ आणा. मिळेल तेवढा."

आकाश समोरच्या रसवंतीकडं पळाला. पिशव्या भरभरून बर्फ आला. तनुजा एकेक पिशवी दारातून आत देत राहिली. तिची बोटं बधिर झाली. आतून मशीनचा आवाज येत होता, मग तो थांबला.

तिनं पुढची पिशवी उचलली. दारात आलेल्या सिस्टरनं ती घेतली नाही.

"आता नको, ताई."

मनकर्णाबाईंनी मान वर केली. "उतरला व्हय ताप?"

सिस्टरनं हातमोजे काढले. तनुजानं पिशवी खाली ठेवली नाही. पाणी तिच्या कोपरावरून फरशीवर ठिबकत राहिलं.