भंगारातलं हसू

बाळ झोपलंय तोवर लिहून घेते.

आमच्याकडे चपलांच्या कपाटावर एक काळा डबा आहे. आत दोन हार्ड डिस्क. घरातले सगळे फोन आपापला पसारा वायफायवरून त्यात टाकतात. नवऱ्याच्या ऑफिसच्या फायली, सासूबाईंनी पुरावा म्हणून रेकॉर्ड केलेलं सासऱ्यांचं घोरणं, आणि बाळाचं पहिलं हसू. हसू फक्त तिथेच, कारण ज्या फोनवर ते टिपलं तो बाळानेच बादलीत बुडवला.

डबा भरला. बरीचशी जागा घोरण्याने खाल्ली होती. नवरा म्हणाला, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्यूम करून देतो, म्हणजे स्वतंत्र कप्पा. कोणी कोणाच्या जागेत हातपाय पसरायचे नाहीत. सासूबाईंचं तोंड उतरलं. मी आहे तोवर या घरात वाटणी नको, म्हणाल्या. आणि त्याच दमात, माझा कप्पा ह्यांच्यापेक्षा मोठा कर.

अडचण एवढीच, की कप्पे पाडायचे तर डबा आधी पुसावा लागणार. म्हणून नवऱ्याने लॅपटॉपवरून सगळं एका सुट्या डिस्कवर कॉपी करायला लावलं आणि आंघोळीला जाताना सासऱ्यांना सांगितलं, अण्णा, जरा लक्ष ठेवा.

अण्णा निवृत्त गोदामपाल. त्यांना लक्ष ठेवा म्हणणं म्हणजे वाऱ्याला वाहा म्हणणं.

नवरा परत आला, पडद्यावर काम पूर्ण झाल्याचं वाचलं आणि डबा पुसला. आईंचा, अण्णांचा, आमचा, असे तीन कप्पे झकास झाले. मग सुटी डिस्क उघडली. फोल्डर सगळे जागच्या जागी, आत मात्र काहीच नाही. बाळाच्या फोल्डरमध्येही नाही.

मी रडलेही नाही. बाळ झोपलं होतं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "दुबार माल होता. तोच डब्यात, तोच इथे. असं ठेवलं की गोदामात चोरी होते. काढला."

सासूबाई म्हणाल्या, ह्यांनी एकदा माझी दुसरी चप्पलही दुबार म्हणून काढली होती.

"काढला म्हणजे... पुसला?" मी विचारलं.

अण्णा दुखावले. "पुसेन कसा? मालकाच्या सहीशिवाय मी आयुष्यात खिळा फेकला नाही. त्याच डिस्कवर, यादीत अगदी खाली 'भंगार' म्हणून फोल्डर केलाय बघ. तुझी सही राहिलीय."

भंगार उघडलं. सगळं होतं. हसूही. अण्णा शिंकतात, बाळ दचकतं, जरा विचार करतं आणि खुदकन हसतं. त्या आवाजाने आमचं बाळ जागं झालं आणि पडद्यावरच्या परक्या बाळाकडे संशयाने बघत बसलं.

नवऱ्याने मग चौथा कप्पा पाडला. नाव, भंगार. हसू आता तिथे असतं आणि माझ्या सहीशिवाय तिथलं काही हलत नाही. सासूबाईंनी घोरणंही गुपचूप तिथेच नेऊन ठेवलंय.