पांढऱ्या लंगोटावरचं नाव

माझी लेक ओलेटा झोपली होती, घर निपचित होतं. मी नुकतेच सोफ्यावर पाय पसरले होते, तेवढ्यात स्वयंपाकघरात 'टण्' असा आवाज झाला. काचेच्या केकपात्रात लोखंड ठेवलं की होतो तसा. पोटातल्या बाळासकट उठायला मला अलीकडे तीन हप्ते लागतात. तिसऱ्या हप्त्यात उठले आणि दारात जाऊन उभी राहिले.

माझा नवरा वेड आणि त्याचे वडील डेल्बर्ट, दोघं टेबलाशी चोरासारखे उभे होते. केकपात्रात दोन कॅरिअर शेजारी शेजारी पडले होते. कॅरिअर म्हणजे रायफलीच्या पोटात प्रत्येक गोळीबरोबर मागे जाऊन पुढे येणारा, मुठीत मावेल एवढा ठोकळा. एक सोनेरी, एक राखाडी. दोन्ही काजळीनं माखलेले.

गोळ्यांच्या काजळीतलं शिसं पोटातल्या बाळाला बाधतं, तेव्हा तसली कुठलीही वस्तू बाळ होईपर्यंत उंबऱ्याच्या आत आणायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी वेडसमोर बजावलं होतं. त्यानं मान डोलावली होती, म्हणजे ऐकलं नव्हतं. मी मागच्या दाराकडे बोट केलं. दोघं केकपात्र उचलून निमूट ओसरीवर गेले. ते केकपात्र आता त्यांचंच झालं.

भांडण महिनाभराचं होतं. वेडनं नवा सोनेरी मुलाम्याचा कॅरिअर घेतला होता. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की याला तेल नको, काजळी चिकटतच नाही, फडक्यानं पुसली की निघाली. डेल्बर्टबाबांच्या मते सोनं दातात शोभतं, रायफलीत नाही. त्यांचा राखाडी लेपाचा कॅरिअर वेडपेक्षा वयानं मोठा आहे आणि ते त्याला भाजीला घालावं तसं तेल घालतात. आमच्या व्हायोमिंगमध्ये वारा आणि हा वाद, दोन्ही कधी थांबत नाहीत, त्यामुळे मी लक्ष देत नव्हते. पण मग त्यांनी पैज लावली. आणि आमच्या घरात पैज कशावर लागते, तर बाळाच्या नावावर.

बाबा स्वतः दुसरे डेल्बर्ट, म्हणून मुलगा आहे हे कळल्यापासून त्यांना तिसरा डेल्बर्ट हवा होता. वेडला कोल्टर हवं होतं. मला काय हवं होतं हे कोणी विचारलं नाही. मला माझ्या वडिलांचं नाव हवं होतं, लेलंड. ते जाऊन दोन वर्षं झाली. चार महिने मी रात्री पोटावर हात ठेवून त्या बाळाला लेलंडच म्हणत होते, अगदी हळू, वेडला ऐकू जाणार नाही असं. मागितलं असतं तर कदाचित मिळालं असतं. पण या दोघांच्या आवाजात माझा आवाज घालायचा म्हणजे आधी घसा साफ करावा लागतो, आणि तेवढ्यात कोणाचं तरी दूध उतू जातं.

पैजेच्या अटी नेमबाजीच्या कागदी लक्ष्याच्या पाठीवर लिहून फ्रिजवर लावल्या होत्या. एकच रायफल, एकाच खोक्यातल्या गोळ्या, प्रत्येक कॅरिअरवर तीनशे. मध्ये साफसफाई नाही. नंतर प्रत्येकानं दुसऱ्याचा कॅरिअर कोरड्या पांढऱ्या फडक्यानं वीस वेळा पुसायचा. ज्याच्या कॅरिअरवरचं फडकं आधी पांढरं निघेल, त्याचं नाव. पंच मी, कारण दिवसभर काही ना काही पुसण्याचा अनुभव घरात मलाच होता.

गोळ्या झाडून झाल्या होत्या, आता उरलं होतं पुसणं. मी ओसरीवर वाऱ्याच्या उलट बाजूला, चार पावलांवर खुर्ची टाकून बसले. फडकी म्हणून वेडनं जे आणलं ते पाहून माझं डोकं फिरलं. ओलेटाचे तान्हेपणीचे सुती लंगोट. नव्या बाळासाठी मी धुऊन, घडी घालून ठेवलेले. सहा कापूनही झाले होते.

"यापेक्षा मऊ कापड गावात नाही," वेड म्हणाला.

दोघं कामाला लागले. स्वतःची वस्तू माणूस मायेनं पुसतो, पण दुसऱ्याची पुसताना त्याच्या अंगात काय संचारतं ते मी त्या दिवशी पाहिलं. बाबांनी सोनेरी कॅरिअर असा घासला की मुलामाच निघावा. तो तिसऱ्या पुसण्यातच लखलखला. वेड हसायला लागला. बाबांनी शांतपणे फडकं करंगळीला गुंडाळलं, करंगळी कॅरिअरच्या भोकात घातली आणि बाहेर काढली. कोळसा. आत काजळी भाजून बसली होती, तेल नव्हतं ना. विसाव्या वेळीही करंगळी काळीच.

राखाडी कॅरिअरचं उलटं. तो न पुसताच स्वच्छ दिसत होता, कारण मुळात त्याचा रंगच काजळीचा. पण वेड जितका पुसे तितकं काळं तेल पाझरे. सात, बारा, अठरा. तेल कुठून येत होतं देव जाणे. वेड म्हणाला, "बाबा, यात तेलाची विहीर आहे का?" बाबा म्हणाले की विहीर असलेली बरी, तुझ्या सोन्याच्या वाळवंटापेक्षा.

वीस झाले. दोन काळे लंगोट माझ्यासमोर. दोघं माझ्याकडे पाहायला लागले.

मी फ्रिजवरचा कागद आणायला लावला आणि मोठ्यानं वाचला. ज्याच्या कॅरिअरवरचं फडकं पांढरं, त्याचं नाव. कोणाचंच नसलं तर काय, ते दोघांनीही लिहिलं नव्हतं. हरणाऱ्या माणसांना हरण्याची कल्पनाच सुचत नाही.

"म्हणजे कोणीच जिंकलं नाही," मी म्हणाले. घसा साफ न करताच. "याचं नाव लेलंड."

वेडनं वडिलांकडे पाहिलं. बाबांनी करंगळी पँटला पुसली.

"लेलंड," ते म्हणाले. "त्याची रायफल मी पाहिलीय, पोरी. नळीत इतकी घाण की बटाटे लावता आले असते. जन्मात कधी साफ केली नाही त्यानं."

"नाही केली."

"आणि हरीण कधी चुकलं नाही त्याचं, गाढवाचं." ते कुरणाकडे वळले. मग हाक मारून पाहावी तसं एकदा पुन्हा म्हणाले, "लेलंड." वेडनं केकपात्र उचललं आणि माझ्या खांद्याला कोपरानं हलकेच ढोसलं, हात काळे होते म्हणून.

तेव्हा माझं लक्ष गेलं. जाळीच्या दारामागे ओलेटा उभी होती, गालावर उशीची घडी उमटलेली. कधीपासून, कोण जाणे. पाच वर्षांची आहे, सगळं ऐकते.

तिला मी नेहमी सांगत आले आहे की तुझा चेहरा पाहताक्षणी तुझं नाव माझ्या ओठावर आलं. ओलेटा हे तिच्या गेलेल्या आजीचं, म्हणजे वेडच्या आईचं नाव. ते बाबांनी हवेत भिरकावलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीनं फोडण्याच्या पैजेत जिंकलं होतं. पंचविसातल्या चोवीस चकत्या वेडनं फोडल्या आणि शेवटची, सगळ्यात सोपी, सोडली. मुद्दाम सोडली असं मला वाटतं. तो आजही कबूल करत नाही.

तिनं जाळीला नाक लावलं. तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि शेवटी माझ्यावर येऊन थांबली.

"आई, माझं नाव कोणी जिंकलं होतं?"